शनिवारचा मेसेज: पालकांना दर आठवड्याला काय कळवायचं?



घरगुती क्लासच्या व्हिडिओत पालकांना पाठवायच्या साप्ताहिक मेसेजबद्दल मी घाईघाईत दोनच मिनिटं बोलले होते. तेवढ्यात समजण्यासारखा विषय नाही, म्हणून आज तो नीट लिहून देते. पहिली ते चौथीची शिकवणी, अबॅकस, चित्रकला, प्लेग्रुप, यातलं काहीही सुरू करणार असाल तर शेवटपर्यंत वाचा.

मला हे का सुचलं?

इचलकरंजीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि वरच्या खोलीत संध्याकाळी शिकवणी चालते. पहिल्या वर्षी जूनमध्ये 14 मुलं होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर 9 च आली. फी कमी करावी का, फलक मोठा लावावा का, असे सगळे विचार करून झाले. मग सोडून गेलेल्या एका मुलीची आई दुकानात आली, तेव्हा सरळ विचारलं. ती म्हणाली, "ताई, तुमच्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही. पण महिन्याला 500 रुपये देतो आणि पोरगी काय शिकते तेच आम्हाला कळत नाही."

मी बीबीए केलंय, दुकान चालवते, तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुकानात 20 रुपयांची वही घेतली तरी गिऱ्हाईक ती उलटून बघतो, पानं मोजतो. शिकवणीत पालकांना बघायला काहीच मिळत नाही. "आज काय शिकलास?" विचारलं की सात वर्षांचं पोर म्हणतं, "काही नाही." मग पालकाने काय समजायचं?

त्यात शिकवायच्या पद्धती बदलतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गोंधळ झाला होता आठवतंय? घरात आजोबा एक म्हणायचे, पुस्तक दुसरं. वेळेवर कुणी दोन ओळी समजावल्या की पालक आपल्या बाजूने उभा राहतो. नाहीतर त्याला वाटतं, क्लासवालीच चुकीचं शिकवते.

मेसेजमध्ये चार गोष्टी, बास

दुसरीच्या वर्गाला पाठवलेला हा एक मेसेज बघा:

*नमस्कार पालकहो. या आठवड्यात:*
*1. काय झालं: दोन अंकी संख्यांची हातच्याची बेरीज. उदा. 27 + 15.*
*2. कुठे अडलं: बरीच मुलं हातचा लिहितात, पण मिळवायला विसरतात. सोमवारी पुन्हा घेणार आहे.*
*3. घरी 10 मिनिटं: किराण्यातल्या दोन वस्तूंच्या किमती मुलांकडून कागदावर मिळवून घ्या. चुकलं तर उत्तर सांगू नका, नाणी मोजून तपासायला लावा.*
*4. पुढच्या आठवड्यात: हातच्याची वजाबाकी. सोमवारी 20 काड्या आणि 2 रबरबँड पाठवा.*

यातला दुसरा मुद्दा नवीन लोक गाळतात. भीती वाटते की अडलेलं सांगितलं तर पालक म्हणतील, हिला शिकवता येत नाही. माझा अनुभव उलटा आहे. दर आठवड्याला "सगळं छान चाललंय" लिहिलं तर तिसऱ्या आठवड्यापासून कुणी वाचत नाही. आणि सहामाहीत मार्क कमी पडले की तेच "छान" आपल्यावर उलटतं. एखाद्या आठवड्यात आजारपणामुळे तीनच दिवस वर्ग झाला, तर तेही लिहायचं.

तिसरा मुद्दा पालकाला कामाला लावतो, पण काम 10 मिनिटांचंच हवं आणि घरात असलेल्या वस्तूंनी होणारं हवं. चार्ट पेपर, फेव्हिकॉल, प्रिंटआउट मागाल तर आठवडाभरात पालक कंटाळतील. हे स्टेशनरीवाली सांगतेय, म्हणजे बघा!

माझी मोठी चूक

दुसऱ्या वर्षी सगळ्या पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. एका शनिवारी मी घाईत एका मुलाचं नाव घालून लिहिलं की त्याला अजून 6 चा पाढा येत नाही, घरी लक्ष द्या. माझा हेतू चांगला होता. दुसऱ्या दिवशी त्याची आई दुकानात आली. काही घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "ताई, माझी जाऊबाई पण त्या ग्रुपमध्ये हाय."

सोमवारपासून मुलगा आला नाही. मी घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा दिला, पण मुलगा परत आला नाही. अजूनही तो दुकानात वही-पेन्सिल घ्यायला येतो. आई येत नाही. त्या मुलाला पाढा शिकवायचा राहिला तो राहिलाच.

तेव्हापासून नियम केला: वर्गाचं सगळ्यांना, मुलाचं फक्त त्याच्या पालकांना. कौतुकसुद्धा नाव घेऊन ग्रुपवर करत नाही, कारण ज्याचं नाव आलं नाही त्याच्या घरी तुलना सुरू होते. आज माझ्याकडे 16 मुलं आहेत. दर आठवड्याला 4 मुलांच्या पालकांना स्वतंत्र मेसेज करते, म्हणजे महिन्यात प्रत्येकाचा नंबर लागतो.

पाठवायचं कसं?

ग्रुप ठेवायचा असेल तर सेटिंगमध्ये मेसेज पाठवायचा अधिकार फक्त ॲडमिनला द्या. मी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते. सगळ्यांना एकच मेसेज जातो आणि उत्तर फक्त माझ्याकडे येतं. लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोहोचतो. म्हणून प्रवेशाच्या दिवशी समोरच नंबर सेव्ह करून घ्या.

आमच्याकडे यंत्रमागावर दिवसपाळी-रातपाळी करणारे पालक आहेत. काहींना वाचायला जमत नाही. त्यांच्यासाठी तोच मेसेज एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये बोलून पाठवते.

मुलांचे फोटो टाकताना जपून. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, असं सांगितलंय. प्रवेश फॉर्मवरच वेगळी ओळ ठेवून सही घ्या. जे नको म्हणतील त्यांच्या मुलांचा फोटो काढायचा नाही. मी बहुतेक वेळा फळ्याचाच फोटो पाठवते.

वेळ कुठून आणायचा?

टेबलावर एक वही ठेवा. रोज वर्ग संपल्यावर दोन ओळी: काय झालं, काय अडलं. शनिवारी त्याच ओळी जोडल्या की मेसेज तयार. एका वर्गाला मला 10 मिनिटं लागतात. शनिवार यासाठी, की रविवारी घरी करून घ्यायला वेळ मिळतो. वार आणि वेळ ठरवा आणि ती मोडू नका. दोन आठवडे पाठवून तिसऱ्या आठवड्यात गप्प बसण्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं.

या मेसेजमध्ये काय घालायचं नाही?

फीची आठवण आणि जाहिरात. मी एकदा शेवटी "नवीन दप्तरं आली आहेत" असं जोडलं होतं. त्या आठवड्यात एकाही पालकाचं उत्तर आलं नाही. फीचा मेसेज वेगळ्या दिवशी, वेगळा आणि खासगी पाठवा.

मेसेज पाठवला की लगेच प्रवेश वाढतील असं मी सांगणार नाही. फायदा एवढाच, की फी देताना पालकाला आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत असतं. आणि काही बिनसलं तर तो गुपचूप निघून न जाता आधी आपल्याशी बोलतो. मला पहिल्या वर्षी 5 मुलं गमावून हे कळलं, तुम्हाला फुकटात सांगतेय.

तुमचा गृहपाठ: क्लास अजून सुरू नसेल तरी चालेल. घरातल्या किंवा शेजारच्या एका मुलाला आठवडाभर रोज अर्धा तास शिकवा, वहीत दोन ओळी लिहा आणि शनिवारी त्याच्या आईला वरच्या चार मुद्द्यांत मेसेज करा. मग तिला विचारा, यातलं काय समजलं आणि काय नाही? ती जे सांगेल त्यानुसार तुमचा नमुना बदला.

भेटू पुढच्या भागात. विषय आहे: फी उशिरा येते तेव्हा नातं न बिघडवता कशी मागायची!