साठवणीचा सण

श्रावणी पौर्णिमेस कोंकणांत नारळी पौर्णिमा म्हणतात. त्या दिवशीं मालवणच्या बंदरावर सागरास नारळ अर्पण करितात, नारळ लढविण्याचा खेळ रंगतो व घरोघर नारळीभात शिजतो. या सणानिमित्त आम्हीं सहकुटुंब दोन दिवस त्या बाजूस घालविले. तेथें जें दिसलें, त्याचा अर्थ विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं मिळून विचारांत घेण्याजोगा आहे.

प्रथम ताटाकडे पाहूं. समुद्रकांठचा सण म्हणजे ताज्या मासळीची चंगळ, अशी परगांवच्या माणसाची समजूत असते. परंतु नारळीभातांत तांदूळ, नारळ, गूळ व लवंग असते. सोलकढींत नारळाचें दूध व आमसूल. कोकमाचें फळ उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतें. त्याची साल पाऊस लागण्यापूर्वींच वाळवून बरणींत भरावी लागते. म्हणजे हें जेवण बहुतांशी साठवणीचें आहे.

याचें कारण समुद्रांत आहे. पावसाळ्यांत दर्या खवळलेला असतो, आणि पुष्कळ जातींचे मासे याच सुमारास अंडीं घालतात. गाभोळी मासळी पकडली, तर एका माशाबरोबर पुढील हंगामहि जाळ्यांत जातो. म्हणून महाराष्ट्रांत 1981 सालीं सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. व्याज खावें, मुद्दल राखावें, हा संसारांतील जुनाच नियम येथें दर्यास लाविला आहे.

आतां पंचांग पाहा. नारळी पौर्णिमा 2023 सालीं 30 ऑगस्टला, तर 2024 सालीं 19 ऑगस्टला आली. कायद्याची मुदत त्यापूर्वींच संपली होती. तरीहि नारळ वाहिल्यावांचून होडी न लोटणारे पुष्कळ कोळी व गाबीत बांधव आहेत. विस्तीर्ण समुद्रावर पहारा किती ठेवणार? तेथें माणसाच्या मनाचा बांधच उपयोगीं पडतो.

नारळ लढविण्याचा खेळ मुलांस फार आवडला. एकानें नारळ घट्ट धरावयाचा, दुसऱ्यानें त्यावर आपला नारळ आपटावयाचा. ज्याचा फुटेल तो हरला. खेळणारे नारळ हातांत फिरवून, ठोकून पारखून घेतात. हीहि एक विद्याच होय.

दुसऱ्या दिवशीं आम्ही कुडाळजवळील पिंगुळीस गेलों. अन्नाप्रमाणें कलाहि कशी साठविली जाते, हें तेथें कळतें. ठाकर समाजाचे कलावंत रामायण-महाभारतांतील कथांचीं चित्रें एकामागून एक दाखवीत गाऊन कथा सांगतात. एका कथेच्या चित्रांच्या संचास पोथी म्हणतात. या गांवचे परशुराम गंगावणे यांस 2021 सालीं पद्मश्री जाहीर झाली.

परंतु पोथींत साठविलें जातें तें चित्र. गाणें कंठांतच राहतें. शिकणारें मूल पुढें आलें नाहीं, तर पोथी केवळ कागदांचा गठ्ठा होईल. आमसूल, मासळी व कथा, या तिहींचा न्याय एकच आहे: पूर्वीं कोणीं तरी राखलें, म्हणून आज आपणांस मिळालें. पालकांनीं मुलांस अशा ठिकाणीं अवश्य न्यावें. मुलांनींहि पानांतील प्रत्येक पदार्थाविषयीं घरच्या वडील माणसांस विचारावें, कीं हा कोणत्या महिन्यांत व कोणाच्या हातून साठविला गेला.