दाद न देणारे जिवाणू आणि तान्ही बाळं: संशोधकाने काय करावे, काय टाळावे

चंडीगडच्या सेक्टर १२ मधल्या पीजीआय या रुग्णालयात पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि जम्मू-काश्मीरमधली अत्यवस्थ मुलं येतात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर देशभर लक्ष ठेवण्यासाठी आयसीएमआरने २०१३ साली जे जाळं उभारलं, त्याच्या मुख्य केंद्रांपैकी पीजीआय एक आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून अशा कामावर रुजू होणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी ही टिपणं. २०१९ मध्ये या प्रतिरोधामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. त्यांतला दर पाचवा जीव पाच वर्षांखालच्या मुलाचा होता.

रुजू होण्यापूर्वी

करा: प्रकल्पाची मुदत, मुदतवाढीची अट आणि नैतिकता समितीची मंजुरी लेखी पाहून घ्या. हेपॅटायटिस-बी आणि टायफॉइडची लस टोचून घ्या. टायफॉइडचे जिवाणू हाताळणाऱ्यांना प्रयोगशाळेतच टायफॉइड झाल्याची उदाहरणं आहेत.

टाळा: ‘मला फक्त बेंचवरचं काम हवं’ असा हट्ट. या कामाचा निम्मा कस वॉर्डात लागतो.

वॉर्डात

करा: आधी कोणतं औषध दिलं, हे आईला स्वतः विचारा. नाव बहुधा आठवत नाही, म्हणून सिरपची रिकामी बाटली, गोळ्यांची पट्टी, आधीच्या दवाखान्याची चिठ्ठी मागा. ‘औषध दिलं’ एवढंच न लिहिता औषधाचं नाव आणि किती दिवस दिलं, तेही लिहा. लांबून पाठवलेलं बाळ बहुतेकदा वाटेत दोन-तीन प्रतिजैविकं घेऊनच पोहोचतं. ही नोंद नसेल तर कल्चर निगेटिव्ह का आलं, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

करा: बाळ याच रुग्णालयात जन्मलं की बाहेरून आलं, आणि रक्त घेतलं तेव्हा ते किती तासांचं होतं, हे लिहा. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान नवजात बाळांवर मोठा अभ्यास झाला. त्यात रक्तातल्या संसर्गाचे सुमारे दोनतृतीयांश प्रसंग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच घडले होते आणि सर्वांत जास्त सापडला तो अ‍ॅसिनेटोबॅक्टर. ‘लवकरचा संसर्ग आईकडून, उशिराचा रुग्णालयातून’ ही पुस्तकातली विभागणी आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही, हे तासांच्या नोंदीमुळेच कळलं.

करा: नवजात बाळाचं निदान एक मिलिलिटर रक्त मिळेल असं पाहा. त्याहून कमी रक्तात थोडेच जिवाणू असले तर निसटतात.

टाळा: त्वचेवरचं अँटिसेप्टिक सुकण्याआधी सुई टोचू देणं. मग बाटलीत त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस वाढतात, बाळाला विनाकारण व्हॅन्कोमायसिन लागतं आणि तुमच्या तक्त्यात खोटा संसर्ग शिरतो.

टाळा: कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवणं. जूनच्या उकाड्यातसुद्धा नाही.

बेंचवर

करा: द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंडशी जुळवा आणि १५ मिनिटांच्या आत प्लेटवर पसरा. म्युलर-हिंटन अगारचा थर सुमारे ४ मिलिमीटरचा असू द्या. थर जाड झाला की औषधाच्या डिस्कभोवतीचं वर्तुळ लहान दिसतं आणि बिचारा संवेदनशील जिवाणू ‘रेझिस्टंट’ ठरतो. दर खेपेला ई. कोलाय एटीसीसी २५९२२ सारखा प्रमाणित जिवाणू सोबत लावा. त्याचं वर्तुळ मर्यादेबाहेर गेलं, तर त्या दिवशीचे निकाल अडवून धरा. कुणी कितीही घाई केली तरी.

टाळा: कोलिस्टिनसाठी साधी डिस्क. हा रेणू मोठा असल्याने अगारमध्ये नीट पसरत नाही आणि वर्तुळ फसवं दिसतं. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन करा. चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआयच्या २०२० पासूनच्या नियमांत कोलिस्टिनला ‘संवेदनशील’ असा वर्गच उरलेला नाही, तेव्हा अहवालात तो शब्द लिहू नका. शेवटच्या फळीतलं औषध आहे हे. त्याच्याबाबत चुकीचा दिलासा बाळाच्या जिवावर बेततो.

करा: अ‍ॅम्पिसिलिनला दाद देणारा क्लेब्सिएला दिसला तर थांबा. क्लेब्सिएला या औषधाला जन्मतःच दाद देत नाही. ओळख चुकली असेल किंवा प्लेटवर दोन जिवाणू मिसळले असतील, म्हणून पुन्हा तपासा.

करा: प्रत्येक महत्त्वाचा आयसोलेट ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपा आणि डब्याचा नकाशा कागदावरही ठेवा. आठवण दगा देते.

टाळा: जिवंत कल्चर ऑटोक्लेव्ह न करता कचऱ्यात टाकणं. असे जिवाणू नाल्यात सोडणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्याच कामाशी द्रोह आहे.

संगणकावर

करा: निकाल नोंदवण्याच्या व्होनेट या संगणकप्रणालीत नुसतं एस (संवेदनशील) किंवा आर (रेझिस्टंट) न भरता वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये भरा. निकष बदलतात, सिप्रोफ्लॉक्सासिनचे २०१९ मध्ये बदलले. मूळ मोजमाप हाताशी असेल तर जुनी वर्षं नव्या निकषाने पुन्हा वाचता येतात. नाहीतर प्रतिरोध खरंच वाढला की फक्त रेघ सरकली, हे कळायला मार्ग राहत नाही. या यादीतली एकच गोष्ट पाळणार असाल, तर ही पाळा.

करा: एका बाळाचा एका जिवाणूचा पहिलाच आयसोलेट मोजा. आयसीयूत महिनाभर असलेल्या बाळाचे सहा नमुने सहा रुग्ण म्हणून धरले, तर टक्केवारी फुगते.

टाळा: ३० पेक्षा कमी आयसोलेटवर टक्केवारी छापणं. पाचांपैकी चार असतील तर ‘पाचांपैकी चार’ असंच लिहा.

टाळा: पीजीआयचा आकडा ‘पंजाबमधला प्रतिरोध’ म्हणून मांडणं. इथे पोहोचणारी मुलं आधीच इतरत्र उपचार घेऊन थकलेली असतात. गावातल्या साध्या तापाचा अंदाज या आकड्यावरून बांधता येत नाही.

आणि शेवटचं

टाळा: शोधनिबंध छापून येईपर्यंत माहिती दडवून ठेवणं. एकाच वॉर्डातून आठवड्याभरात कार्बापेनेमला दाद न देणारे तीन क्लेब्सिएला आले, तर त्याच दिवशी संसर्ग नियंत्रण समितीला कळवा.

करा: बाटली पॉझिटिव्ह झाली की ग्राम स्टेन करा आणि त्याचा निकाल वॉर्डातल्या डॉक्टरांना लगेच फोनवर सांगा, मध्यरात्र असली तरी. फोन कुणी घेतला आणि किती वाजता, तेही वहीत लिहा. तुमचा तक्ता सकाळपर्यंत थांबू शकतो, पण बाळाचं औषध बदलायला उशीर नको.