रेड वाईनचे वय आणि आपला उन्हाळा

बालरोगतज्ज्ञाने वाईनवर लेख लिहावा, याचे काही सदस्यांना नवल वाटेल. परंतु वाईन जुनी होते म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाचा प्रयोगाने शोध घेणारा लुई पाश्चर हा, स्वतः वैद्य नसूनही, आपण आपलाच मानतो. फ्रेंच वाईन खराब का होते याचा तपास १८६३ साली तिसऱ्या नेपोलियनने त्याच्याकडे सोपविला आणि १८६६ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मंद उष्णता देऊन जंतूंचा नाश करण्याची जी रीत आपण आज दुधाशी जोडतो, ती आधी वाईनसाठी सिद्ध झाली होती.

त्याचा दुसरा प्रयोग मला अधिक मोहक वाटतो. त्याने काही काचनळ्या वाईनने काठोकाठ भरून बंद केल्या, काहींत थोडी हवा राहू दिली. भरलेल्या नळ्यांतील वाईन जशीच्या तशी राहिली. हवा असलेल्या नळ्यांत रंग उतरला आणि तळाशी गाळ बसला. वाईनला वय येते ते प्राणवायूने. मात्र तो अत्यल्प आणि सावकाश मिळाला पाहिजे. ओकच्या पिंपातून आणि बुचातून तो तसाच मिळतो. बोर्दो प्रांतात हे पिंप २२५ लिटरचे असते व उत्तम वाईन त्यात साधारण दीड-दोन वर्षे राहते.

रेड वाईन द्राक्षांच्या सालींसह आंबविली जाते. साली व बियांतून टॅनिन उतरते. आपल्या जंगलातील हिरडा तोंडात धरला की जीभ आखडते, तो हाच तुरटपणा. टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते. कॅबरने सोव्हिन्यों या द्राक्षाची कोवळी वाईन म्हणूनच कडक लागते. वर्षे लोटतात तसे टॅनिन आणि रंगद्रव्ये परस्परांशी जुळून मोठे रेणू बनतात, त्यांतील काही गाळ होऊन तळाशी बसतात, तुरटपणा मऊ होतो आणि जांभळा रंग माणकासारखा व पुढे विटकरी होत जातो. आसवे जुनी झाली की अधिक गुणवान होतात, असे शार्ङ्गधराने सांगून ठेवले आहेच. तथापि बाजारातील बहुतेक वाईन दोन-चार वर्षांतच संपविण्यासाठी केलेली असते. दीर्घायुष्याचा योग मोजक्याच बाटल्यांना लाभतो.

चव घेणे हे आपल्या रुग्णतपासणीसारखेच आहे: आधी दर्शन, मग बाकीचे. पेला पांढऱ्या कापडासमोर तिरपा धरून कडेचा रंग पाहावा. मग पेला फिरवून वास घ्यावा. कीटोॲसिडोसिसच्या मुलाचा श्वास ज्याने एकदा ओळखला, त्याला नाकाचे महत्त्व सांगणे नको. बोर्दोतील पोयाक गावच्या वाईनला नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा वास येतो, असे जाणकार म्हणतात. वय झालेल्या वाईनमध्ये फळांचा गंध मागे सरतो आणि वाळलेली पाने, चामडे, तंबाखू, ओली माती पुढे येतात. पहिल्या पावसानंतर सालवनातून गेलेल्या बालाघाटकराला ही भाषा परकी वाटू नये. शेवटी लहान घोट तोंडभर फिरवावा आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहावे.

२००९ साली परदेशी स्थायिक झालेल्या एका वर्गमित्राने मला २००५ सालची बोर्दो भेट दिली. ते वर्ष बोर्दोसाठी उत्तम मानले जाते. "घाई करू नकोस, आपण दोघे मिळून उघडू," असे तो म्हणाला. मी ती जपून, म्हणजे वरच्या मजल्यावरील भिंतीतल्या कपाटात, उभी ठेवली. २०२३ च्या हिवाळ्यात तो आला तेव्हा बूच निम्मे तुटून आत पडले. रंग काढ्याचा, वास शिजवलेल्या जॅमचा, मागून व्हिनेगर. मित्राने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि मुलाबाळांची चौकशी सुरू केली.

चौदा उन्हाळे! वाईनला बारा-चौदा अंश तापमान, अंधार आणि आडवी बैठक हवी, म्हणजे बूच ओले राहते. आमचे कपाट मे महिन्यात चाळिशीला टेकत असावे. दोष अज्ञानाचा म्हणावा, तर तेही खरे नाही. लसीच्या कुपीवरील तो लहान चौकोन आपण रोज पाहतो. सोसलेली उष्णता तो साठवत जातो आणि काळवंडला की कुपी टाकून द्यावी लागते, नंतर कितीही थंड केली तरी. लसींची शीतसाखळी मी तीस वर्षे सांभाळली; बाटलीवर चौकोन नव्हता, एवढेच.

वाईन हृदयाला हितकर असते, हा समज १९९२ साली 'लॅन्सेट'मधील फ्रेंच विरोधाभासाच्या लेखानंतर फोफावला. मद्यार्क कर्करोगकारक असल्याचे १९८८ सालीच निश्चित झाले होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले. गर्भवतीला तर एक थेंबही नको. तेव्हा औषध म्हणून कोणी घेऊ नये.

आता आमच्याकडे एखादी नाशिकची किंवा अकलूजची बाटली येते ती दिवाळीनंतर, आणि होळीपूर्वी संपते. पिण्याआधी ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो. घरच्या फ्रिजमध्ये, लसींच्या फ्रिजमध्ये दुसरे काही ठेवायचे नसते.