माणसासारखे यंत्र

शेतात बुजगावणे असते. बांबूचे दोन दांडे, वर मडके, अंगात फाटका सदरा. पाखरे त्याला भितात. आपण भीत नाही. ते माणूस नव्हे, हे लांबूनच कळते.

पण समजा, अंधार पडला आहे. आपण परक्या रानातून चाललो आहोत. बांधाजवळ कुणीतरी उभे दिसते. हाक मारली तर ओ देत नाही. मग छातीत धस्स होते. हा माणूस आहे की नाही? मनाला ठरवता येत नाही, म्हणून ते घाबरते.

यंत्रांचेही असेच आहे. माणसासारखी कामे करणाऱ्या यंत्राला यंत्रमानव म्हणतात. जपानात मासाहिरो मोरी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७० साली यावर एक लेख लिहिला. यंत्र थोडेसे माणसासारखे दिसले, तर ते आपल्याला आवडते. आणखी तसे दिसले, तर आणखी आवडते. जणू आपण डोंगर चढतो. पण माथा जवळ आला, की मध्येच खोल दरी लागते. यंत्र जवळजवळ माणूस दिसते, पण पुरते नाही. तिथे आपले मन बिचकते.

मोरींनी कृत्रिम हाताचे उदाहरण दिले. हात गमावलेल्या माणसाला असा हात बसवितात. त्यावर शिरा असतात, नखे असतात. तो खराच वाटतो. पण हातात घेतला, तर गार लागतो! आत हाड लागत नाही. डोळे एक सांगतात, स्पर्श दुसरेच सांगतो. म्हणून आपण दचकतो. यात भूतखेत नाही, करणी नाही.

मोरींनी कारागिरांना सांगितले, हुबेहूब नक्कल करू नका. बुद्धाच्या मूर्ती घडविणाऱ्या एका कारागिराने केलेला लाकडी हात त्यांनी नमुना म्हणून दाखविला. तो लाकडाचा आहे हे दिसते, तरी तो सुंदर आहे.

आता एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. यंत्राला वाईट वाटत नाही. पण कृत्रिम हात लावणारा माणूस यंत्र नव्हे. आपण झटकन हात मागे घेतला, तर त्याचे मन दुखते. दचकणे आपल्या हाती नसते. पुन्हा हात पुढे करणे मात्र आपल्या हाती असते.

प्रश्न
१. दिवसा बुजगावण्याची भीती का वाटत नाही?
२. कृत्रिम हात हाती घेताच आपण का दचकतो?
३. दचकल्यावर आपण काय करावे?