गुलाबी पाण्याची गर्दी आणि रोजचा वाचक

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि बुलढाणा जिल्ह्याचे नाव काही दिवसांत जगभर पोचले. नासाने उपग्रहातून टिपलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले. पावसाचे पाणी मिसळले तसा रंग फिका होत गेला आणि लोकांचे कुतूहलही ओसरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. सरोवराच्या भवितव्याच्या दृष्टीने ही रंगापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट होती, पण तिच्याभोवती तशी गर्दी जमली नाही. गर्दी विषयाच्या मोलावर जमत नाही, नवलाईवर जमते. वेबसाइट चालवणाऱ्या प्रत्येकाने हे आधी मनाशी पक्के करावे. ट्रॅफिकचा आकडा कितीजण आले ते सांगतो. ते कशासाठी आले, त्यांचे काम झाले का आणि ते पुन्हा येतील का, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते ट्रॅफिकची खरी किंमत या तीन उत्तरांतच असते.

मुळात तो आकडाही दिसतो तितका सरळ नसतो. गूगल अ‍ॅनालिटिक्स ज्याला ‘युजर’ म्हणते तो माणूस असतोच असे नाही. बहुतेकदा तो एक ब्राउझर असतो. एकाच मोबाइलवर घरातली चार माणसे वाचत असतील तर ती एक धरली जातात, आणि एकच माणूस मोबाइल व संगणक दोन्ही वापरत असेल तर त्याचे दोन होतात. आपल्याकडच्या बऱ्याच लिंका व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात, पण तिथून आलेला वाचक अहवालात अनेकदा ‘डायरेक्ट’ या रकान्यात पडतो. मग मालकाला वाटते, लोक आपले नाव लक्षात ठेवून येत आहेत. गावाच्या रकान्याचेही तेच. मोबाइल नेटवर्कचा आयपी पत्ता ढोबळ असल्याने चिखलीतला किंवा मेहकरमधला वाचक मुंबई-नागपूरचा म्हणून नोंदला जाऊ शकतो. त्यात माणसांऐवजी बॉट्सच्या फेऱ्या मिसळतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या लिंकेला यूटीएमची, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी, खूण जोडावी आणि गूगल सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द शोधून आले ते पाहावे. सर्च कन्सोल फक्त सोळा महिन्यांची माहिती ठेवते, तेव्हा ती वेळोवेळी उतरवून घ्यावी.

आकडा साफ झाला तरी त्याचा अर्थ लावायचे काम उरतेच, आणि सर्वाधिक फसगत तिथे होते. खामगाव किंवा मलकापूर बाजार समितीतला सोयाबीनचा भाव पाहायला आलेला शेतकरी पान उघडतो, आकडा पाहतो आणि निघून जातो. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या सध्याच्या चौथ्या आवृत्तीत भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली, दोन पाने पाहिली गेली किंवा ठरवून दिलेली महत्त्वाची कृती घडली, तरच ती ‘गुंतलेली’ भेट ठरते. या निकषावर तो शेतकरी नापास होईल. पण हंगामात तो रोज येत असेल, तर तुमच्याकडे त्याच्याइतका मोलाचा वाचक दुसरा नाही. याउलट अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळच्या घटमांडणीचे पाऊस-पिकांबद्दलचे भाकीत वाचायला आलेला माणूस दोन मिनिटे थांबेल, चार पाने चाळेल आणि थेट पुढच्या वर्षी उगवेल. यात्रेतली गर्दी आणि रोजचे गिऱ्हाईक यांची नोंद एकाच वहीत ठेवू नये. दर महिन्याचा आकडा लिहिताना सण, बातमी किंवा घटनेमुळे आलेले वाचक बाजूला काढावेत आणि उरलेल्यांतले किती परत आले ते मोजावे. ती तळरेघ वर सरकत असेल तरच वेबसाइट वाढते आहे.

यावर पहिला आक्षेप असा की जाहिरातदार फक्त व्ह्यूज विचारतो. गूगलच्या जाहिरातींपुरते ते बरेचसे खरे आहे, पण भारतीय भाषांतल्या पानांना मिळणारा दर इतका कमी असतो की त्यावर पोट भरायला लाखोंची गर्दी सतत लागते. लोणारला मुक्कामाची सोय करणाऱ्याला किंवा बियाणे विकणाऱ्याला लाखो व्ह्यूज नकोत, फोन हवेत. समजा, एका पानाला वीस हजार लोक आले आणि एकानेही चौकशी केली नाही. दुसऱ्या पानाला तीनशे आले आणि सहाजणांनी फोन केला. स्थानिक जाहिरातदार दुसऱ्या पानाचे पैसे आनंदाने देईल, मात्र ते फोन तुम्ही नोंदवलेले हवेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गर्दीतूनच काही कायमचे वाचक मिळतात. मिळतात, पण आपोआप नाही. गुलाबी पाणी पाहायला आलेल्याला त्याच पानावर सरोवराच्या विवराची निर्मिती, लोणारचे दैत्यसूदन मंदिर, जाण्याचा रस्ता यांवरचे चांगले लेखन सापडले तर तो थांबेल. गर्दी येण्याआधी ते लिहिलेले असावे लागते. आणि गर्दी विकत घेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. बनावट क्लिक आढळले तर गूगलच्या जाहिरातींचे अ‍ॅडसेन्स खाते बंद होऊ शकते, आणि तुमच्या खऱ्या वाचकांची मोजदादही कायमची गढूळ होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: सगळ्याच लेखनाची किंमत फोन आणि पैशात होत नाही. सिंदखेडराजाच्या वास्तूंवरचा अभ्यासपूर्ण लेख वर्षभरात थोडेच लोक वाचतील, तरी तो असायलाच हवा. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच प्रत्येक पान लिहिण्यापूर्वी ते कोणासाठी आहे आणि त्याचे काम झाले हे कशावरून ओळखायचे, याची एक ओळ लिहून ठेवावी. भावाच्या पानाला रोजची परतभेट, मुक्कामाच्या पानाला चौकशी, अभ्यासाच्या पानाला शेवटपर्यंत झालेले वाचन किंवा कुणी घेतलेला संदर्भ. माप आधी ठरले की महिन्याअखेरीस आकडा तुम्हाला फुगवत नाही की खचवतही नाही. पुढचे पान कोणासाठी लिहायचे, एवढे मात्र नेमके सांगतो.