घटक ४ : सदस्य-सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहितीकोश : प्रश्नावलीची भाषा

४.१ प्रास्ताविक

अर्ज, निवेदन आणि इतिवृत्त हे व्यावहारिक लेखनाचे प्रकार तुमच्या परिचयाचे आहेत. प्रस्तुत घटकात आपण प्रश्नावलीचा विचार करणार आहोत. प्रश्नावली हा लेखनप्रकार आहे असे म्हटले की अनेकांना नवल वाटते. प्रश्न काय, कोणीही लिहील, अशी समजूत असते. परंतु निवेदनातील एखादे वाक्य सैल राहिले तर वाचणारा अर्थ सावरून घेतो. प्रश्नावलीतील वाक्य सैल राहिले तर शेकडो माणसे त्याचे शेकडो अर्थ लावतात, आणि ते सारे अर्थ पुढे एकाच रकान्यात, एकाच बेरजेत जाऊन बसतात. ती बेरीज नंतर कोणालाही सोडवता येत नाही.

व्यावसायिकांच्या संघटना आपल्या सदस्यांकडून नियमितपणे माहिती मागवतात. पूर्वी हे काम टपालाने किंवा वार्षिक सभेत वाटलेल्या छापील नमुन्यांवर होई. आता सदस्य आपल्या भ्रमणध्वनीवर प्रश्नावली उघडतो, उत्तरे भरतो आणि ती थेट माहितीकोशात जमा होतात. 'माहितीकोश' ही संज्ञा या घटकात ओळी आणि रकाने यांत मांडलेल्या, शोधता व मोजता येणाऱ्या संगणकीय नोंदींच्या संग्रहासाठी वापरली आहे. एक सदस्य म्हणजे एक ओळ, एक प्रश्न म्हणजे एक रकाना, हे साधे चित्र मनात ठेवले तरी पुढील विवेचन समजण्यास पुरेसे आहे.

४.२ कागलचे उदाहरण

कागल हे गाव मराठीच्या विद्यार्थ्याला आनंद यादव यांच्या 'झोंबी'मुळे माहीत असते. त्या आत्मचरित्रातील कागल शेतमळ्यांचे आहे. आजच्या कागलजवळून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत या तालुक्याची नवी ओळख झाली आहे. ओतकाम करणाऱ्या फाउंड्री, त्यांचे कास्टिंग घासूनपुसून यंत्रावर घेणारी मशीन शॉप आणि जॉबवर्कवर चालणारे लहान कारखाने हा कोल्हापूर परिसराच्या उद्योगाचा कणा आहे. या उद्योजकांच्या संघटनाही आहेत : कागल-हातकणंगले वसाहतीची 'मॅक', शिरोलीची 'स्मॅक', गोकुळ शिरगावची 'गोशिमा' आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन. वीजदर हा त्यांचा जुना विषय. धातू वितळवणाऱ्या विद्युतभट्टीचे वीजबिल हा फाउंड्रीचा मोठा खर्च असतो, आणि कर्नाटकाची हद्द जवळच असल्याने तेथील दराशी तुलना अटळ ठरते.

अशा एखाद्या संघटनेला शासनाकडे निवेदन द्यावयाचे आहे आणि त्यासाठी सदस्यांचे ऑनलाइन सर्वेक्षण करावयाचे आहे, अशी कल्पना करा. प्रश्नावली लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. यापुढील प्रश्नांचे नमुने अभ्यासासाठी रचलेले आहेत. ते कोणत्याही संघटनेच्या प्रत्यक्ष प्रश्नावलीतून घेतलेले नाहीत.

४.३ व्याख्या आधी, प्रश्न नंतर

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात काढलेला पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश सर्वांना ज्ञात आहे. त्या आदेशाची रचना मात्र फारशी कोणी पाहत नाही. निर्णय सांगून आदेश थांबत नाही. 'मागासलेले वर्ग' म्हणजे कोण, हे त्यात स्पष्ट केले आहे, आणि आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावे, असेही बजावले आहे. व्याख्या आणि ठरावीक मुदतीने येणारी नोंद, या दोन गोष्टींवाचून पन्नास टक्के झाले की नाही हे तपासण्याचा मार्गच उरला नसता. माहितीकोशाचा पाया याहून वेगळा नसतो.

आता हा प्रश्न पाहा : 'आपल्या फाउंड्रीचे मासिक उत्पादन किती टन आहे?' वाक्य शुद्ध आहे, सोपे आहे. तरीही ते निरुपयोगी आहे. भट्टीत वितळलेला सगळा धातू कास्टिंग म्हणून गाडीत चढत नाही. साच्यात धातू नेणाऱ्या वाटांमध्ये गोठलेला भाग तोडला जातो, सदोष कास्टिंग बाजूला काढले जाते, आणि हे सारे पुन्हा भट्टीत जाते. एक मालक वितळलेल्या धातूचे टन लिहील, दुसरा ग्राहकाकडे पाठवलेल्या कास्टिंगचे. टनामागे किती वीज लागते हे काढताना दोघांचे आकडे एकत्र केले, तर निवेदनातील मुख्य आकडाच खोटा ठरेल. कोणीही खोटे बोललेले नसताना हे घडेल. म्हणून प्रश्न असा हवा : 'मार्च महिन्यात आपण ग्राहकांकडे पाठवलेल्या कास्टिंगचे एकूण वजन किती टन होते? (सदोष ठरून परत वितळवलेले वजन धरू नये.)'

'गेल्या वर्षी' हा शब्दप्रयोगही असाच फसवा आहे. सनदी लेखापालाकडे हिशेब देणाऱ्याचे वर्ष एप्रिल ते मार्च असते. दिवाळी पाडव्याला वही बदलणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाच्या मनातले वर्ष कदाचित निराळे असते. 'कामगार किती?' या प्रश्नात ठेकेदाराची माणसे धरावयाची का, शिकाऊ उमेदवार धरावयाचे का, स्वतः लेथवर उभा राहणारा मालक धरावयाचा का? 'पैसे वेळेवर मिळतात का?' यातील 'वेळेवर' म्हणजे काय? सूक्ष्म व लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण नव्वद दिवसांची सवय झालेल्या माणसाला साठ दिवस 'वेळेवर'च वाटतात. तेथे विशेषण काढून टाकावे आणि दिवस विचारावेत.

४.४ उत्तर सुचवणारे आणि जोडलेले प्रश्न

'जाचक वीजदरवाढीमुळे आपला उद्योग अडचणीत आला आहे, असे आपणास वाटत नाही काय?' हे वाक्य भाषणात शोभेल. प्रश्नावलीत ते तीन कारणांनी दोषपूर्ण आहे. 'जाचक' या शब्दाने निकाल आधीच दिला आहे. 'वाटत नाही काय' या नकारार्थी रचनेला 'होय' म्हणावे की 'नाही', याबद्दल मराठी बोलणाऱ्यांत एकवाक्यता नसते. शिवाय त्यात वीजदर आणि उद्योगाची अडचण या दोन गोष्टी कारणकार्याने बांधून टाकल्या आहेत. अडचणीत असलेला पण वीजदराला दोष न देणारा सदस्य काय लिहील? अशा प्रश्नाने संघटनेला हवे ते उत्तर मिळते, आणि समोरच्या अधिकाऱ्याने प्रश्नावलीची प्रत मागताच ते उत्तर गळून पडते. त्याऐवजी एकूण उत्पादनखर्चात वीजबिलाचा वाटा किती, एवढेच विचारावे. आकडा मोठा असेल तर त्याला विशेषणाची गरज पडत नाही.

उत्तरांच्या पर्यायांकडेही असेच लक्ष हवे. 'तटस्थ', 'सांगता येत नाही' आणि 'लागू नाही' हे तीन पर्याय एकच समजून 'तटस्थ' तेवढे देण्याची रीत आहे. निर्यात न करणारा उद्योजक निर्यातीच्या प्रश्नाला 'तटस्थ' कसा असेल? त्याला तो प्रश्न लागूच नाही. माहितीकोशातील रिकामा रकाना आणि शून्य यांतही असाच फरक आहे : शून्य ही माहिती आहे, रिकामा रकाना हा माहितीचा अभाव आहे.

४.५ नोंदीतील मराठी

कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी दोन गावे आहेत. सदस्याला पत्ता स्वतः टंकलिखित करू दिला, तर कोणी 'सांगाव' लिहितो, कोणी 'क. सांगाव', कोणी 'कसबा-सांगाव'. माणूस वाचून समजून घेतो. संगणकाला ही तीन निराळी गावे वाटतात, आणि नुसते 'सांगाव' नेमके कोणते हे माणसालाही कळत नाही. म्हणून गावांची नावे निवडीच्या यादीतूनच द्यावीत. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली जुनी सदस्यसूची तर पडद्यावर मराठी दिसते, पण शोधता येत नाही, कारण आत साठवलेली अक्षरे मराठी नसतातच. 'ऱ्या'सारखे जोडाक्षर युनिकोडमध्येही दोन प्रकारे साठवले जाऊ शकते. डोळ्याला एकच दिसणारे आडनाव शोधात सापडत नाही, ते यामुळे. प्रस्तुत लेखकाला हे कळण्याआधी अशा एका यादीतील निम्मी नावे 'गहाळ' म्हणून पुन्हा भरून घेतली होती, हे कबूल करावयास हवे.

४.६ वर्षानुवर्षांची तुलना

माहितीकोशाचा खरा उपयोग तो दरवर्षी चालू राहिल्यावर होतो. त्यासाठी प्रश्नाचे शब्द बदलता कामा नयेत. पण जग बदलते. २ कोटी रुपये गुंतवणूक आणि ८ कोटी रुपये उलाढाल असलेला कारखाना घ्या. १ जुलै २०२० पासूनच्या निकषांप्रमाणे (सूक्ष्म उद्योगासाठी १ कोटी गुंतवणूक व ५ कोटी उलाढाल ही मर्यादा) तो 'लघु' ठरतो. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा २.५ कोटी व १० कोटी झाल्याने तोच कारखाना 'सूक्ष्म' झाला. भट्टी तीच, माणसे तीच. माहितीकोशात केवळ 'सूक्ष्म / लघु / मध्यम' असा रकाना असेल, तर २०२५ मध्ये वसाहतीतील लघुउद्योग एकाएकी घटले असे दिसेल, आणि एखादा उतावळा वार्ताहर त्याचा मथळाही करील. यावर उपाय असा की वर्ग न विचारता गुंतवणूक आणि उलाढाल यांचे टप्पे विचारावेत. वर्ग नंतर कोणत्याही निकषाने काढता येतो.

४.७ कोणी उत्तर दिले, कोणी दिले नाही

अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून लँडन जिंकणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. नावे दूरध्वनी-सूची व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली होती. शिवाय पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. मोठी संख्या म्हणजे प्रातिनिधिक संख्या नव्हे.

कागलच्या आपल्या कल्पित संघटनेत ४०० सदस्य आहेत असे धरा. ८० जणांनी उत्तरे दिली, त्यांपैकी ६० जणांनी वीजदर ही सर्वांत मोठी अडचण सांगितली. निवेदनात 'आमच्या ७५ टक्के सदस्यांची तक्रार आहे' असे लिहिणे असत्य आहे. सत्य विधान असे : 'उत्तर देणाऱ्या ८० सदस्यांपैकी ६० जणांनी वीजदर ही सर्वांत मोठी अडचण असल्याचे नोंदवले, ३२० सदस्यांची उत्तरे आलेली नाहीत.' हे वाक्य दुबळे वाटते, पदाधिकाऱ्यांना ते आवडणारही नाही. तरी लिहिणाऱ्याने ते सोडू नये. गप्प राहिलेल्यांत ज्याच्याकडे कार्यालयीन माणूस नाही, जो दिवसभर यंत्रावर असतो, असा लहान मालक अधिक असण्याची शक्यता आहे. त्याच्यासाठी प्रश्नावली दहा मिनिटांत संपणारी आणि त्याच्या बोलीला जवळची असावी लागते.

४.८ संमतिपत्र

हा मालक उत्तर न देण्याचे आणखी एक कारण आहे : भीती. त्याचे काम एकाच मोठ्या कंपनीवर अवलंबून असते. आपल्याकडे कामाची मागणी घटली आहे हे त्या कंपनीला कळले, तर ती दर पाडून मागेल, आणि संघटनेच्या समितीवर त्याचा स्पर्धकच बसलेला असू शकतो. 'आपली माहिती गोपनीय राहील' या वाक्याने त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. नाव काढून टाकले तरी 'कसबा सांगाव परिसर, पितळी ओतकाम, १० ते २० कामगार' या चौकटीत एकच कारखाना बसत असेल, तर नाव छापल्यासारखेच आहे. म्हणून पाचापेक्षा कमी कारखाने येतात अशी चौकट अहवालात स्वतंत्र दाखवू नये, असा नियम आधीच ठरवावा आणि संमतिपत्रात लिहावा.

मराठीच्या अभ्यासकाला येथे कायद्याचाही आधार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीला द्यावा लागतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असेही कायदा सांगतो. कारखान्याच्या उत्पादनाचा आकडा ही नेहमीच वैयक्तिक माहिती नसते. मालकाचे नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक मात्र असते.

आता इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेले हे वाक्य वाचा : 'सदस्य याद्वारे त्याच्या माहितीच्या उपरोक्त उद्दिष्टांकरिता प्रक्रियेस अपरिवर्तनीय संमती प्रदान करीत आहे.' यात कायद्याशी विसंगत असा एक शब्द आहे, एक सदस्यवर्ग वगळला गेला आहे, आणि उद्दिष्टे कोणती हे कळतच नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : 'आपण दिलेले आकडे वीजदराविषयीच्या निवेदनासाठीच वापरले जातील. ते आपल्या नावासह संघटनेच्या कार्यालयातील दोन कर्मचाऱ्यांनाच दिसतील. समितीला केवळ बेरजा दिसतील. आपला विचार बदलल्यास याच पानावरील एका कळीने आपली नोंद काढून टाकता येईल.'

४.९ स्वाध्याय

१. वरील 'अपरिवर्तनीय संमती' या वाक्यातील तीन दोष कोणते, ते नेमक्या शब्दांवर बोट ठेवून लिहा.

२. पुढील प्रश्नाचे दोन स्वतंत्र प्रश्नांत रूपांतर करा : 'वसाहतीतील रस्ते व कुशल कामगारांची उपलब्धता समाधानकारक आहे काय?'

३. तुमच्या परिसरातील औषधविक्रेते, रिक्षाचालक, दूधसंस्थांचे सचिव किंवा शिक्षक यांपैकी एका व्यवसायाच्या संघटनेसाठी आठ प्रश्नांची प्रश्नावली आणि पाच ओळींचे संमतिपत्र तयार करा. ती त्या व्यवसायातील दोन व्यक्तींना मोठ्याने वाचून दाखवा. 'म्हणजे काय?' असे त्यांनी जेथे विचारले ती वाक्ये अधोरेखित करून, मूळ व सुधारित असे दोन्ही मसुदे उत्तरपुस्तिकेसोबत जोडा.