डोंगरातला सोबती

डोंगर चढावयास निघालेला मनुष्य प्रथम पाठीवरची पिशवी शोधतो, मग बूट पाहतो, मग शिदोरीचा विचार करतो. बरोबर कोण येणार, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो. आणि हाताशी लागेल तो सोबती होतो. वास्तविक हा प्रश्न सर्वांच्या आधी सोडवावयास हवा. बूट चावला तर पायाला फोड येतो. सोबती चुकला तर जिवावर बेतते. हे शहाणपण मला एका फजितीतून लाभले.

कॉलेजात असताना आम्ही तिघे मित्र राजगडाहून तोरण्याला निघालो. आमच्यातला एकजण शर्यतीत बक्षिसे मिळवणारा होता. ‘असा गडी बरोबर असला, म्हणजे काळजी नाही,’ असे मला वाटले. दुसरा मित्र मितभाषी व चालीने मंद. त्याला न्यावे की नाही, याविषयी मी साशंक होतो.

रात्र आम्ही राजगडावर पद्मावतीच्या देवळात काढली. सकाळी संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजाने उतरून तोरण्याकडे जाणाऱ्या डोंगरधारेला लागलो. पावसाळा सरत आला होता. खिंड ओलांडली आणि धुके दाटले. शर्यतवीर पाण्याची पिशवी घेऊन केव्हाच पुढे गेला होता. थोड्याच वेळात वाटेला फाटे फुटले. गुरांच्या पायांनी पडलेल्या या ढोरवाटा मुख्य वाटेसारख्याच दिसतात. पण त्या कोठे रानात विरतील, याचा नेम नसतो. आम्ही हाका मारल्या. उत्तर आले नाही.

मी घाबरून त्याला शोधावयास निघालो. तेव्हा मंद चालीच्या मित्राने माझा हात धरला. तो म्हणाला, “इथेच थांबू या. आपणही हललो, तर तो परत आला तरी आपण त्याला सापडायचो नाही.” आम्ही बसून राहिलो आणि थोड्या थोड्या वेळाने हाका देत राहिलो. तासाभराने खालच्या कारवीतून क्षीण ओ आली. ढोरवाटेने तो थेट कड्याच्या काठापर्यंत गेला होता. दोन्ही गुडघे सोलवटले होते. “मी मागे वळून पाहिलेच नाही रे,” एवढेच तो बोलला.

त्या दिवशी तोरणा आम्हांला घडला नाही. मंद चालीचा मित्र पुढे झाला आणि आम्ही खिंडीत परतून वेल्ह्याला उतरलो. ज्याला न्यावे की नाही, असे मला वाटत होते, त्यानेच आम्हांला सुखरूप घरी आणले.

मग सोबती पारखावा कसा? मोठ्या गडाचा बेत करण्यापूर्वी त्याच्याबरोबर गावाजवळच्या टेकडीवर अर्धा दिवस चालून पाहावे. तो मागच्याकरिता थांबतो काय? दमला असता तसे मोकळेपणाने सांगतो काय? पाणी थोडे उरले, तर इतरांची आठवण ठेवतो काय? ‘परत फिरू या’ म्हटल्यावर रुसतो काय? या प्रश्नांची उत्तरे बोलण्यातून मिळत नाहीत, चालण्यातून मिळतात. संघाची चाल सर्वांत मंद गड्याची असावी. संघात निदान चौघे असावेत. कारण एकाला दुखापत झाली, तर एकाला त्याच्याजवळ बसता येते व दोघांना मदत आणावयास जाता येते. खिशात दूरध्वनी असला, तरी डोंगराच्या घळीत तो चालेलच असे नाही. म्हणून कोठे जाणार व केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे. तुमच्या वयाच्या मुलांनी तर वाट माहीत असलेले शिक्षक किंवा घरचे वडीलधारे बरोबर असल्याशिवाय जाऊच नये.

हा नियम हिमालयातही खरा ठरला आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिलरी यांनी बर्फातील एका भेगेवरून उडी मारली. पलीकडचा बर्फ तुटला व ते भेगेत कोसळू लागले. त्यांच्या दोरीचे दुसरे टोक शेर्पा तेनसिंग यांच्या कमरेला होते. तेनसिंगांनी तत्क्षणी कुऱ्हाड बर्फात रोवून दोरी ताणून धरली आणि हिलरी वाचले. पुढे २९ मे १९५३ रोजी हीच जोडी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली.

मुलांनो, तुम्ही सोबत्याची पारख करीत असता, तेव्हा तोही तुमची पारख करीत असतो. म्हणून पुढच्या वेळी टेकडी चढताना अधूनमधून मागे वळून पाहा. तेथे कोणी तरी तुमची वाट पाहत असेल.

स्वाध्याय

१. मंद चालीच्या मित्राने जागा न सोडण्याचा सल्ला का दिला?
२. ढोरवाटांमुळे वाट का चुकते?
३. तुमच्या वर्गातील कोणाला तुम्ही डोंगरावर सोबती म्हणून न्याल? त्याची कारणे दहा ओळींत लिहा.